सहिष्णुता: मागायची कुणाकडे, द्यायची कुणाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मोहल्ल्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मे लोक गावात, बाकीचे नागपूर, पुणे, मुंबई आणि आखातात. जानेवारी २०१९ मध्ये मी त्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. ते नयनतारा सहगल यांचं यवतमाळला न झालेलं भाषण होतं. वर मी माझी एक ओळ जोडली होती, "लेखिकेला बोलू न देणारा समाज असहिष्णू असतो." भराभर अंगठे आले. मग माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. ती तेव्हा यवतमाळला बी.ए. करत होती. तिने माझाच दीड वर्षापूर्वीचा एक मेसेज शोधून काढला होता आणि त्याखाली एवढंच लिहिलं होतं, "भाईजान, मग हे काय होतं?"

तो जुना मेसेज काय होता ते पुढे सांगतोच. पण त्या प्रश्नामुळे मी सहिष्णुता या शब्दाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर तो मी वापरत होतो, जसा आपण सगळेच वापरतो: समोरच्याकडे बोट दाखवायला.

मी भाषेचा अभ्यासक नाही, कोड लिहून पोट भरतो. कोश उघडून पाहिले तेव्हा कळलं की सहिष्णुता आणि सहन करणं यांचं मूळ एकच. इंग्रजीतल्या टॉलरन्सचं लॅटिन मूळही सोसणं, पेलणं असंच आहे. उर्दूत आपण बर्दाश्त म्हणतो, त्यातही उचलून धरणं आहे. तहम्मुल म्हणतो, त्यात ओझं आहे. म्हणजे सगळ्या भाषांमध्ये या शब्दाच्या पोटात एक नकोशी गोष्ट आहे. जे आवडतं ते कुणी सहन करत नाही. बिर्याणी सहन केली असं आपण कधी म्हणत नाही.

मराठीत याच अर्थाच्या आसपास आणखी एक शब्द आहे, सोशिक. सून सोशिक असते, सासू नसते. गडी सोशिक असतो, मालक नसतो. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याला आपण सोशिक म्हणतो आणि ज्याच्या हातात काही आहे त्याला सहिष्णू म्हणतो. सोसणारे दोघंही, पण एकाचं सोसणं हा नाइलाज आणि दुसऱ्याचं सोसणं हा मोठेपणा. आपल्याबाबतीत या शब्दाचा जो घोळ होतो त्याचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं. आपल्याकडून सोशिकपणाची अपेक्षा असते, आणि सहिष्णुता आपल्याला कुणीतरी दान देत असतं.

याचा अनुभव तुमच्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने घर शोधलं आहे त्यांना असेल. पुण्यात एका घरमालकांनी माझं नाव ऐकल्यावर सांगितलं होतं, "आमचं काही नाही हो, आम्ही सगळ्यांना सांभाळून घेणारे लोक आहोत. पण सोसायटीचं काही सांगता येत नाही." माणूस वाईट नव्हता. चहाही पाजला. पण मी सांभाळून घ्या असं म्हटलंच नव्हतं. मी डिपॉझिट आणि भाडं द्यायला तयार होतो, मला दोन खोल्या हव्या होत्या. जिथे व्यवहार होता तिथे त्यांनी उपकार आणून ठेवला, आणि उपकार करायचा की नाही हे करणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

म्हणून पहिली गोष्ट. घर, नोकरी, शाळेतला प्रवेश, पोलिसांनी तक्रार लिहून घेणं, या गोष्टींसाठी सहिष्णुता हा शब्द आपण वापरू नये. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत न्याय आहे, स्वातंत्र्य आहे, समता आहे, बंधुता आहे. सहिष्णुता नाही. कलम १४ कायद्यापुढे समानता देतं, कलम १५ धर्म-जातीवरून राज्याने भेदभाव करायला बंदी घालतं, कलम २५ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. कुणी आपल्याला सहन करावं म्हणून ही कलमं लिहिलेली नाहीत. हक्क मागताना सहिष्णुता मागणं म्हणजे स्वतःच्या घराच्या दारावर टकटक करून परवानगी मागणं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला सोलापूरच्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. तो आयटीत नोकरी करत होता. मीही तेव्हा पुण्यात नवाच होतो, त्याच क्षेत्रात, जवळपास त्याच वयाचा. कित्येक महिने अम्मी फोनवर रोज विचारायची, आज किती वाजता खोलीवर पोचलास? पुढच्या वर्षी दादरी घडलं. आणि मग देशभर चर्चा सुरू झाली ती असहिष्णुतेची. असहिष्णुता वाढली की नाही यावर टीव्हीवर रोज भांडणं. मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही की खुनाला असहिष्णुता का म्हणायचं. शेजाऱ्याचं जोरात लावलेलं गाणं सहन न होणं ही असहिष्णुता. माणूस मारणं हा गुन्हा. गुन्ह्याला स्वभावदोषाचं नाव दिलं की आरोपी गायब होतो आणि सगळा समाजच थोडा थोडा दोषी ठरतो, म्हणजे कुणीच नाही. तिथे लागतो तो तपास, आरोपपत्र, साक्षीपुरावा. सहिष्णुतेची भाषणं तिथे उपयोगाची नाहीत.

हक्क बाजूला काढले, गुन्हे बाजूला काढले, तर या शब्दाला काय काम उरतं? उरतं. मला न पटणारं, मला टोचणारं, पण माझ्यावर हात न उचलणारं जे काही आहे, विचार, लेखन, पेहराव, श्रद्धा किंवा अश्रद्धा, ते या जगात असू देणं. ते आवडून घ्यायचं नाही, मान्यही करायचं नाही. पण ते थांबवण्याची ताकद हातात असताना ती वापरायची नाही. हीच सहिष्णुतेची खरी जागा. आणि तिची परीक्षा आमच्या यवतमाळात झाली.

११ ते १३ जानेवारी २०१९ या तारखांना यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. अध्यक्ष अरुणा ढेरे. यापूर्वी १९७३ मध्ये यवतमाळला संमेलन झालं होतं, तेव्हा ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. म्हणजे साडेचार दशकांनी पाहुणे येणार होते. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. वय ९१. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या इंग्रजी कादंबरीकार. २०१५ मध्ये त्यांनी तो पुरस्कार परत केला होता, कलबुर्गी, पानसरे, दाभोलकर आणि दादरीचा मृत्यू यांवर सत्तेने धरलेल्या मौनाचा निषेध म्हणून. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित मराठी मुळाचे. त्यांनी कल्हणाची राजतरंगिणी संस्कृतातून इंग्रजीत आणली होती, आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसून १९४४ मध्ये ते वारले.

संमेलनाला आठवडाही उरला नसताना सहगल यांना कळवण्यात आलं की येऊ नका. कारण सांगितलं गेलं भाषेचं. मराठीच्या संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा विरोध स्थानिक पातळीवर झाला होता, त्यात मनसेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी उधळून लावण्याचा इशारा दिला होता. संमेलनात गोंधळ नको म्हणून आयोजकांनी पाहुण्याचं निमंत्रणच मागे घेतलं. मग राज ठाकरे यांनी आपला विरोध नाही असं जाहीर केलं, दिलगिरीही व्यक्त केली. तरीही निमंत्रण पुन्हा गेलं नाही. विरोध करणारे मागे हटले होते, पण बोलावणाऱ्यांची भीती हटली नव्हती. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. कितीतरी लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. सहगल यांनी आधीच पाठवलेलं भाषण बाहेर आलं, मराठीत उतरलं आणि संमेलनापेक्षा लांब पोचलं. ते स्वातंत्र्यावर होतं, वेगळं असण्याच्या हक्कावर होतं, खाण्यावरून माणसं मारली जातात त्याबद्दल होतं. तेव्हा लोक म्हणू लागले की अडचण भाषेची नव्हती, भाषणाची होती.

शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मुलांना वाढवणाऱ्या, 'तेरवं' या नाटकात काम करणाऱ्या. माझी मामेबहीण तिथे पुस्तकं घ्यायला गेली होती. तिने मला फोनवर सांगितलं की येडेताई बोलत होत्या तेव्हा मांडवात सगळे गप्प होते. आणि काही बायकांनी सहगल यांचे मुखवटे घालून निषेध केला होता. त्यांनी कुणाचं बोलणं बंद पाडलं नाही. येडे यांचं तर नाहीच.

मला राग आला होता. मी भाषण ग्रुपवर टाकलं. आणि मग ती आली, माझा जुना मेसेज घेऊन.

तो जुलै २०१७ च्या शेवटचा होता. २९ जुलैला तस्लिमा नसरीन मुंबईहून विमानाने औरंगाबादला उतरल्या. त्यांना अजिंठा-वेरूळ पाहायचं होतं. विमानतळाबाहेर जमाव जमला, आपल्या लोकांचा. परत जा, परत जा. पोलिसांनी कायदा आणि सुव्यवस्थेचं कारण सांगून त्यांना विमानतळाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, आल्या तशा मुंबईला परत पाठवलं. ती बातमी ग्रुपवर आली तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून लिहिलं होतं, "बरं झालं. असंच पाहिजे." तेव्हाही भरपूर अंगठे आले होते. बहुतेक त्याच लोकांचे.

दोन लेखिका. दोन्ही वेळा गोंधळाची भीती. दोन्ही वेळा ज्यांनी गोंधळ घालण्याची धमकी दिली त्यांना न अडवता, जिला धोका होता तिलाच परत पाठवलं. एका वेळी मी टाळी वाजवली, दुसऱ्या वेळी मी व्याख्यान दिलं.

मला माहीत आहे आता तुम्ही काय म्हणाल, कारण मीही बहिणीला तेच म्हणालो होतो. या दोन गोष्टी सारख्या कशा? सहगल सरकारवर टीका करतात. तस्लिमा आपल्या दीनबद्दल, आपल्या पैगंबरांबद्दल जे लिहितात त्याने काळजाला घरं पडतात. हे खरं आहे. ते दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही, मलाही ते होतं. पण सहन करण्याचा प्रश्नच मुळी दुखतं तिथे येतो. सहगल यांचं भाषण मला गोड लागलं होतं. ते ऐकून घ्यायला माझ्या सहिष्णुतेची काडीचीही गरज नव्हती. माझी परीक्षा यवतमाळला झालीच नाही. ती औरंगाबादला झाली आणि मी नापास झालो.

निषेध करू नये असं माझं म्हणणं नाही. हातात फलक घेऊन उभं राहणं, विरोधात लेख लिहिणं, पुस्तक विकत न घेणं, हे सगळं आपल्या हक्काचं आहे, यवतमाळच्या मांडवात त्या मुखवटे घातलेल्या बायकांनी तेच केलं. निषेध आणि अडवणूक यांत फरक आहे. निषेधात समोरच्याचं बोलणं संपल्यावर आपलं सुरू होतं. अडवणुकीत कुणाचंच सुरू होत नाही. आणि ती बाई तर बोलायलाही आली नव्हती. लेणी पाहायला आली होती.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. जो रोज मार खातो त्यालाच सहिष्णुतेचे धडे का? आधी त्यांना सांगा. हा राग मी समजू शकतो. म्हणूनच वर हक्क आणि गुन्हे वेगळे काढले. अन्याय सोसा असं मी कुणालाही सांगत नाही, तिथे तक्रार करा, कोर्टात जा, रस्त्यावर या. पण गर्दी जमवून माणूस परत पाठवायचा ही पद्धत एकदा मान्य केली, तर निकाल गर्दीच्या आकारावर लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण साधारण साडेअकरा टक्के आहोत. एखाद्या शहरात, एखाद्या संध्याकाळी, एखाद्या विमानतळाबाहेर आपली गर्दी मोठी असेल. बाकी ठिकाणी आणि बाकी दिवशी नसेल. नियम कमजोराच्या कामाचा असतो, गर्दी बलवानाच्या. आपण आपल्या हाताने गर्दीची बाजू बळकट करतो आहोत.

१९८५ मध्ये केरळात तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढून टाकलं होतं. ती यहोवाज विटनेसेस या छोट्या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. पंथ इतका लहान की त्यांच्यासाठी कुठे गर्दी जमली नसती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान आणि आपली घटना सहिष्णुतेची आहे अशा आशयाची आठवण करून दिली. त्या तीन मुलांच्या श्रद्धेचं जे संरक्षण झालं तेच आपल्या कामाला येतं. ते तिघांना मिळालं म्हणून आपल्याला मिळतं. आपण दुसऱ्या कुणाचं काढून घेतलं तर आपलंही जाईल.

मग सगळंच सहन करायचं का? नाही. इथे मला अब्बांची आठवण येते. अब्बा आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत मापारी होते. कापसाच्या हंगामात शाळेतून येताना मी त्यांच्याकडे जायचो. कपाशीच्या हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचा नियम असतो: ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ असेल तर त्या प्रमाणात भाव कमी, १२ च्या वर असेल तर माल परत. म्हणजे थोडा ओलावा चालवून घेतात, त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा गाडी यायच्या आधी ठरलेली आहे. शेतकऱ्यांची भांडणं मर्यादेवरून क्वचितच व्हायची. व्हायची ती या संशयावरून की पाटलाच्या गाडीला यंत्र एक आकडा दाखवतं आणि आपल्या गाडीला दुसरा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या वर्गात टॉलरन्स हा शब्द पुन्हा भेटला. २५ मिलिमीटरचा दांडा कुणालाच अगदी बरोबर २५ चा करता येत नाही, म्हणून किती कमी-जास्त चालेल ते आधीच लिहून ठेवतात. आणि ते फक्त दांड्यावर लिहीत नाहीत, तो ज्या भोकात बसायचा त्यावरही लिहितात. दोघांनाही थोडी सूट, दोघांनाही मर्यादा. तेव्हाच दांडा फिरतो.

आपल्या मर्यादा काय असाव्यात? मला दोनच दिसतात: हिंसा आणि हिंसेची चिथावणी. यापलीकडे मला राग येतो, माझ्या भावना दुखतात, माझ्या भाषेचा अपमान होतो, हे सगळं ८ ते १२ टक्क्यांमधलं आहे. त्याची किंमत कमी करा, त्यावर टीका करा, पण गाडी परत पाठवू नका. आणि यंत्र एकच ठेवा. सहगल आल्या म्हणून एक आकडा आणि तस्लिमा आल्या म्हणून दुसरा, असं नको.

आजच्या अरबीत सहिष्णुतेसाठी तसामुह हा शब्द वापरतात. तो समाहत या शब्दाच्या घराण्यातला, म्हणजे मनाचा मोकळेपणा, सढळपणा. आणि त्याची घडण अशी आहे की बहुधा दोघांनी एकमेकांशी करायच्या क्रियेला ती वापरतात. सही बुखारीत एक हदीस आहे, विकताना, घेताना आणि आपलं येणं मागताना जो सढळ वागतो त्याच्यावर अल्लाहची रहमत असो, अशा आशयाची. मला लक्षणीय वाटतं ते हे की यातला तिसरा प्रसंग आपलं येणं मागण्याचा आहे. हक्क सोडून द्या असं त्यात नाही. मागा, पण मागताना माणूस सढळ असू द्या.

आपल्या घरात हे किती कठीण जातं ते आपण जाणतो. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांचं म्हणणं पटलं नाही, तर खोडून काढता आलं असतं. पण आपल्यातल्या अनेकांनी ते ऐकायचंही नाकारलं. आजही मोहल्ल्यातल्या बैठकीत एखाद्या मुलीने वारसाहक्काबद्दल प्रश्न विचारला, एखाद्याने नमाजला न येण्याचं कारण सांगितलं, किंवा कुणी वेगळ्या मसलकच्या मशिदीत गेला, तर पहिलं वाक्य काय येतं ते आठवून पाहा.

बहिणीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोन दिवस वाद घातला, मग गप्प बसलो. आठवड्याने ग्रुपवर लिहिलं, "२०१७ चा माझा मेसेज चुकीचा होता. त्या बाईंचं लिखाण मला अजूनही पटत नाही, पण त्यांना लेणी पाहू द्यायला हवी होती." यावेळी अंगठे फार आले नाहीत. तिघं ग्रुप सोडून गेले. एका चाचांनी खाजगीत विचारलं, पुण्याला जाऊन काय झालं तुला? मी त्यांना म्हटलं, चाचा, पुण्याचं काही नाही, विचारणारी यवतमाळचीच आहे.

ग्रुप अजून चालू आहे. गेलेल्यांपैकी दोघं परत आले. आणि बहीण अजून प्रश्न विचारते, तेही बहुतेक मलाच.